आमच्या मोहल्ल्यातील गस्त

वार्षिक अंकासाठी स्वानुभवावर काही लिहून द्यावे, अशी सूचना वर्गात झाली, तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांनी सहलीचे वर्णन करण्याचे ठरविले. चिखलदऱ्याच्या सहलीची टिपणे मजजवळही तयार होती. परंतु लिहावयास बसलो की गेल्या हिवाळ्यातील एक रात्र पुनःपुन्हा डोळ्यांपुढे उभी राही. त्या रात्रीची आठवण सुखाची नाही, आणि तीत माझी शोभा होण्यासारखेही काही नाही. तथापि जे आपल्याला खरोखर शिकवून गेले, तेच बांधवांना सांगावे, असा विचार करून मी सहलीची वही बाजूस ठेविली आहे.

आमचा मोहल्ला यवतमाळ शहराच्या कडेला आहे. चाळीस-पंचेचाळीस घरे, एक पिठाची गिरणी, दोन किराणा दुकाने, आणि मध्ये एक जुना कडुनिंब. एका बाजूस अद्याप शेते आहेत. पावसाळ्यात तेथे कपाशी आणि तूर उभी असते, त्यामुळे रात्री तिकडे काळोखाखेरीज काहीच दिसत नाही. राहणारे बहुतेक नोकरदार; काही शिक्षक, काही बँकेतले, काही दारव्हा, घाटंजी, वणी इकडून मुलांच्या शिक्षणासाठी येऊन राहिलेले. एकमेकांस पाहून नमस्कार करावयाचा आणि आपापले फाटक लावून घ्यावयाचे, एवढाच आमचा शेजारधर्म होता.

दिवाळीच्या सुमारास लोक गावी गेले आणि चोऱ्या सुरू झाल्या. प्रथम एका घरातील पितळी भांडी गेली. मग विहिरीवरील मोटारपंप गेला. मग एका रात्री दोन बंद घरांची कुलुपे तुटली. फिर्यादी नोंदल्या गेल्या, पंचनामे झाले. परंतु माल सापडला नाही. प्रत्येक घरात दिवसभर तीच चर्चा होई, आणि रात्री कुत्रे भुंकले की दिवे लागत. तरीसुद्धा चार माणसांनी एकत्र बसावे, असे कोणाच्या मनात आले नाही. ज्याचे गेले त्याचे गेले; उरलेल्यांनी दाराला दुसरी कडी बसविली.

मग मावशींच्या घरी चोरी झाली. मावशी म्हणजे कडुनिंबाखाली हातगाडी लावून आमच्या सर्वांच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाई. त्यांचे यजमान वारले आहेत. त्यांची मुलगी परिचारिकेच्या शिक्षणाला जाणार होती, आणि त्यासाठी मावशींनी तीन वर्षे रुपयाला रुपया जोडून एका डब्यात पैसे ठेविले होते. त्या लग्नाला गेल्या असता तो डबा नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे गाडीवर आल्या, कोळसा पेटविला आणि मुकाट्याने कपडे हातात घेतले. माझ्या शाळेच्या सदऱ्याला त्या दिवशीही त्यांनी नेहमीसारखीच कडक इस्त्री केली. तो सदरा अंगावर घालताना मला कसेसेच झाले. इतरांनाही तसेच वाटले असावे. कारण त्याच रविवारी सायंकाळी कडुनिंबाखाली सतरंज्या पडल्या आणि मोहल्ल्याची पहिली सभा भरली.

त्या सभेचे वर्णन करावयाचे तर हसू येते. संघटनेचे नाव काय असावे, याजवरच पाऊण तास वाद झाला. एका गृहस्थांचे म्हणणे पडले की पगारी पहारेकरी ठेवावा. दुसऱ्यांचे, की चारी बाजूंनी फाटके बसवून परक्यास मज्जाव करावा. वकीलसाहेबांनी समजावून सांगितले की संस्था रीतसर नोंदवावयाची तर १८६० चा सोसायटी नोंदणी अधिनियम आहे, त्यासाठी निदान सात सभासद आणि लेखी नियमावली पाहिजे. सात सभासद तर तत्काळ मिळाले. मात्र चिटणीस होण्यास कोणीच तयार होईना! शेवटी ते काम माझ्या वडिलांच्या गळ्यात पडले. दरमहा पन्नास रुपये वर्गणी ठरली आणि रोज रात्री आळीपाळीने गस्त घालावी, असे ठरले. नववीच्या वरच्या मुलांनी वडिलांसोबत पहिल्या प्रहरी फिरावे, अशीही मुभा मिळाली. आम्हा मुलांचा आनंद काय सांगावा!

घरी आल्यावर आबाजींना मी मोठ्या अभिमानाने सर्व हकीकत सांगितली. आबाजींचे वय ऐंशीच्या पुढे आहे. ते ऐकत होते आणि मधून मधून हसत होते. ते म्हणाले, “अरे, तुम्ही नवीन काय केले? आमच्या खेड्यात ही व्यवस्था बापजाद्यांपासून होती.”

मग त्यांनी जागल्याची गोष्ट सांगितली. वऱ्हाडातील गावोगावी पाटील-पटवाऱ्यांबरोबर जागल्या हाही गावचा सेवक असे. हा बहुधा महार समाजातील असे. रात्री हाकारे देत फिरणे, परका कोण आला-गेला याची पाटलास वर्दी देणे, चोरी झाल्यास पावलांचा माग काढणे, ही त्याची कामे. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी अशी वहिवाट होती की माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचविला म्हणजे पुढचा शोध त्या गावाने लावावयाचा. आणि माग लागला नाही, तर ज्यांच्याकडे राखण, त्यांनी नुकसान भरून द्यावयाचे. राखणदार म्हणविणे हा नुसता मान नव्हता, ती जोखीम होती.

“आणि दुसरेही एक सांगतो, ते विसरू नकोस,” आबाजी म्हणाले. “ज्याच्या भरवशावर अवघे गाव निजत होते, त्याचे स्वतःचे घर गावकुसाबाहेर होते. त्याला आम्ही आपल्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही. चोर कोण हे ओळखण्यात आम्ही हुशार होतो. परंतु आपला कोण हे ओळखण्यात फार चुकलो.”

पुढे वतने गेली. राज्याच्या १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद मात्र नव्या रूपाने ठेविले. ग्रामरक्षक दले निघाली. १५ ऑगस्ट २००७ पासून गावचे तंटे गावातच मिटावे म्हणून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. म्हणजे गावाने आपली राखण आपण करावी, ही कल्पना आपल्या मातीत जुनीच आहे. मला त्या वेळी आबाजींच्या गोष्टीतील हाकारे आणि माग एवढेच आवडले. त्यांचे शेवटचे वाक्य मी फारसे मनावर घेतले नाही.

गस्तीचे पहिले पंधरा दिवस फार सुखाचे गेले. यवतमाळची पौषातील थंडी सर्वांना ठाऊक आहे. कानाला मफलर, हातात काठी आणि विजेरी, गळ्यात शिट्टी, अशा थाटात आम्ही दहा ते बारा फिरत असू. चोर तर एकही दिसला नाही. परंतु आजवर न दिसलेल्या पुष्कळ गोष्टी दिसल्या. रस्त्यावरील नऊ दिव्यांपैकी पाच बंद होते, हे आम्हाला प्रथमच कळले. गिरणीमागच्या घरात एक वृद्ध जोडपे एकटेच राहते आणि आजोबांना रात्री दम लागतो, हे कळले. बँकेतील काका सुरेख बासरी वाजवितात, हेही तेव्हाच कळले. नगरपरिषदेकडे अर्ज गेला आणि दिवे लागले. ज्यांना गावी जावयाचे असे ते शेजाऱ्यास सांगून, किल्ली देऊन जाऊ लागले. चोऱ्या थांबल्या. मला वाटते, त्यांतील निम्मे श्रेय काठीचे नसून दिव्यांचे आणि किल्ल्यांचे होते.

परंतु काठी हातात असली म्हणजे ती कोणावर तरी उगारावी, असे वाटू लागते. याच सुमारास मोबाईलवर निरोप फिरू लागले: अमुक टोळी जिल्ह्यात शिरली आहे, तिचे लोक भिकाऱ्याच्या वेषात येतात, दिसताच धरा. निरोप कोणी लिहिला, हे कोणास ठाऊक नव्हते. प्रत्येकाने तो पुढच्यास पाठविला. मीही पाठविला.

जानेवारीतील एका रात्री साडेअकराच्या सुमारास शेताच्या बाजूने एक माणूस येताना मला दिसला. डोक्याला घोंगडी, पाठीवर गाठोडे, पाय अनवाणी. बाबा दहा पावले मागे होते. मी विजेरीचा झोत टाकला, तेव्हा तो दचकून मागे सरला. गाठोड्यातून काहीतरी चकाकले. तो इळा होता. मी शिट्टी फुंकली आणि जिवाच्या आकांताने “चोर! चोर!” म्हणून ओरडलो.

पुढे जे झाले ते दोन मिनिटांत झाले. फाटके उघडली, वीस-पंचवीस माणसे धावून आली. ज्यांना मी रोज नमस्कार करतो, ज्यांच्या मुलांबरोबर खेळतो, तीच ही माणसे. परंतु विजेरीच्या उजेडात त्यांचे चेहरे मला ओळखू येईनात. कोणी म्हणाले, “पारधी दिसतो.” एवढे बोलणे पुरेसे झाले. त्याच्या मुस्कटात बसली. दुसऱ्या कोणी पाठीत काठी घातली. तो माणूस खाली बसला आणि दोन्ही हात डोक्यावर धरून काही बोलू लागला. पण त्या गलक्यात ते कोणास ऐकू येईना. बाबा “थांबा, थांबा” म्हणत होते. आणि मी? माझ्या हातात काठी होती आणि ती वर गेलेली होती. ती खाली आली नाही, हे माझे पुण्य नव्हे. ती खाली येण्यापूर्वी मध्येच मावशी येऊन उभ्या राहिल्या.

त्या नुसत्या लुगड्यावर, अनवाणी धावत आल्या होत्या. त्या एवढ्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकले नव्हते.

“चोरी माह्या घरी झाली, तुमच्या घरी नाही! आंधी त्याले पानी तं द्या! कोनाकडे चालला, म्हून इचारलं का कोनी?”

सर्व एकदम स्तब्ध झाले. खरेच, कोणीही विचारले नव्हते.

तो मजूर होता, पांढरकवड्याकडील. शेतात तुरीची सोंगणी चालू असता बायको सरकारी दवाखान्यात भरती झाल्याचा निरोप त्यास मिळाला, तसाच तो निघाला. शेवटच्या गाडीने उतरला, रिक्षाला पैसे नव्हते, कोणी तरी शेतातून जवळची वाट सांगितली आणि काळोखात तो चुकला. गाठोड्यात एक लुगडे, चार भाकरी, तिखटाची पुडी आणि सोंगणीचा इळा होता. “बाई भरती हाये माही,” एवढेच तो पुनःपुन्हा म्हणत होता. त्याच्या ओठातून रक्त येत होते. मावशींनी त्यास पाणी पाजले. बाबांनी त्यास गाडीवर बसवून दवाखान्यात पोचविले. मी मागे बसलो होतो. वाटेत तिघांपैकी कोणीही बोलले नाही. उतरताना त्याने बाबांना हात जोडले. हात आम्ही जोडावयास हवे होते.

घरी आल्यावर आबाजी जागेच होते. मी रडत रडत म्हणालो, “आबाजी, तो पारधी नव्हता हो, साधा मजूर होता.”

आबाजी काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आणि पारधी असता तर? मग मारणे बरोबर होते का?”

या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. पुढे मी शाळेच्या वाचनालयात बसून पुष्कळ वाचले. इंग्रजी अमदानीत १८७१ साली एक कायदा झाला, त्याने कित्येक जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. अमक्याच्या पोटी जन्मला एवढाच त्यांचा अपराध. त्यांनी हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचा नाही. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि ते लोक विमुक्त म्हणविले जाऊ लागले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा समाजही आहे. आणि त्याच समाजातील, आपल्याच जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत या राज्याचे मुख्यमंत्री होते. सरकारी दप्तरातून शिक्का पुसला गेला. परंतु आमच्या मोहल्ल्यातील एका वाक्यात तो तसाच शिल्लक होता.

आणखी जे वाचले त्याने तर झोप उडाली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आले होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे चोरांच्या अफवेने लोक रात्री पहारे देत असता, दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक असेच मारले गेले. हे आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेत १९७२ पासून शेजाऱ्यांनी पहारा ठेवण्याची राष्ट्रीय योजना आहे. पहारेकऱ्याने पाहावे आणि पोलिसांस कळवावे, एवढेच त्याचे काम. तरीही २०१२ साली फ्लोरिडात अशाच एका स्वयंसेवकाच्या गोळीने ट्रेव्हॉन मार्टिन नावाचा सतरा वर्षांचा निःशस्त्र मुलगा मेला. तो दुकानातून गोळ्या-चॉकलेट घेऊन परत येत होता. त्याचे वय वाचले आणि मला माझी शिट्टी आठवली.

दुसऱ्या रविवारी पुन्हा सभा भरली. या वेळी नावावरून वाद झाला नाही. काहींचे म्हणणे पडले की गस्त बंदच करावी. परंतु वकीलसाहेब म्हणाले, दोष गस्तीचा नाही, रीतीचा आहे. त्यांनी भिवंडीचे उदाहरण दिले. १९८४ साली त्या शहरात मोठा दंगा झाला होता. पुढे १९८८ पासून तेथील पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून दोन्ही धर्मांच्या सामान्य लोकांच्या समित्या उभारल्या. लोक एकमेकांच्या घरी जाऊ लागले, पोलिसांशी बोलू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. तेथे काठ्या वाढविल्या नव्हत्या, ओळखी वाढविल्या होत्या.

मग नियम लिहिले गेले. गस्तीवर काठी न्यावयाची नाही. विजेरी, शिट्टी आणि पाण्याची बाटली न्यावयाची. अनोळखी माणूस दिसला तर प्रथम नमस्कार करून “कोणाकडे जावयाचे आहे?” असे विचारावयाचे आणि वाट दाखवावयाची. खरोखरच कोणी चोरी करताना सापडला, तर ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावयाचे. समक्ष घडलेल्या गंभीर गुन्ह्यात सामान्य माणसासही गुन्हेगारास धरण्याचा अधिकार आहे. परंतु त्यास विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. मारण्याचा अधिकार कोणासही नाही. आणि ज्या निरोपाचा लेखक ठाऊक नाही, तो पुढे पाठवावयाचा नाही. हा शेवटचा नियम मी सुचविला, आणि का सुचविला तेही सर्वांसमक्ष सांगितले. त्या वेळी माझे पाय लटपटत होते. परंतु सांगून झाल्यावर मन हलके झाले. ज्यांनी त्या माणसावर हात टाकला होता, त्यांच्यापैकी एक गृहस्थ उठले आणि “मीही होतो” एवढेच बोलून खाली बसले. दुसऱ्या दिवशी ते फळे घेऊन दवाखान्यात गेले. त्या बाईस तोपर्यंत घरी सोडले होते. त्यांची भेट झाली नाही, आणि ते ऋण आमच्यावर तसेच राहिले.

सभा संपता संपता आबाजी काठी टेकीत उभे राहिले. ते म्हणाले, “तुम्ही राखणदार झालात, पण राखणदाराची जुनी जोखीम कोणी घेतली नाही. माग लागला नाही, तर राखणाऱ्याने भरून द्यावयाचे असते. मावशींचा डबा कोण भरणार?”

मावशी सभेच्या कडेला बसल्या होत्या. त्या तत्काळ म्हणाल्या, मला भीक नको. त्यावर आबाजींनी सांगितले, “बाई, ही भीक नाही, हा दंड आहे. आमच्या मोहल्ल्यात चोरी झाली आणि आम्ही शेजारी असून निजलो होतो.” वर्गणीतून कॅमेरा घ्यावयाचे ठरत होते. तो बेत लांबणीवर पडला आणि ते पैसे, वर आणखी भर घालून, मावशींना देण्यात आले. त्यांची मुलगी हल्ली परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. मावशी दर महिन्याच्या पहिल्या तारखेस इतरांप्रमाणेच पन्नास रुपये वर्गणी आणून देतात आणि पावती मागून घेतात.

भांडी सापडली नाहीत, पंप सापडला नाही, चोर कोण होता हे अद्याप कळलेले नाही. तो पारधी नसेल, मजूर नसेल. कदाचित आमच्याच ओळखीचा कोणी असेल. तो धरला जावा, असे मला आजही वाटते. ज्याने मावशींचा डबा नेला, त्याने लहान गुन्हा केलेला नाही. परंतु त्यास शोधण्याच्या भरात दुसऱ्या एका निरपराध माणसाचे घर आम्ही जवळ जवळ लुटले होते, आणि आमचे नाव कोणत्याही फिर्यादीत नाही.

बालमित्रांनो, तुमच्याही मोहल्ल्यात अशी मंडळी एकत्र येत असतील, तर अवश्य त्यांत सामील व्हा. रात्री फिरण्यात मौज आहे, शेजारी कळतात, बंद दिवे लागतात. फक्त काळोखातून कोणी चालत आला, तर ओरडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. माझी गस्तीची पाळी दर गुरुवारी असते. काठी आता घरी दाराच्या मागे उभी आहे. मी पाण्याची बाटली घेऊन जातो.

— एक विद्यार्थी, इयत्ता १० वी